माननीय कलम सात यांस अनावृत पत्र

प्रति,
मा. कलम 7,
मोटार वाहन कायदा, 1988

विषय: कारचा परवाना पुरेसा मुरला असल्याने ट्रक चालवू देण्याबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि. माझ्याकडे कारचा पक्का परवाना आहे आणि तो काढून वर्ष उलटलं आहे. हे वर्ष त्याने कपाटात, विम्याच्या पावत्यांखाली काढलं. कार मात्र चालवली नाही, कारण ती घ्यायचीच राहून गेली. पण चालवायला हवी असं आपण तरी कुठे म्हणता? हलक्या वाहनाचा परवाना किमान वर्षभर जवळ असला की वाहतूक वाहनाचा शिकाऊ परवाना मागायला माणूस मोकळा. वयाची विशी पूर्ण हवी. ती केव्हाच झाली. लोणच्यासारखा परवानाही नुसता ठेवून मुरतो, हे हेरल्याबद्दल आपलं अभिनंदन.

साडेसात टनांपर्यंतच्या साध्या मालवाहू टेम्पोसाठी तर आपल्या दारी यायचीही गरज नाही. तिथे कारचाच परवाना चालतो, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 6 नोव्हेंबर 2024 रोजी दिला आहे. माझी नजर मात्र त्याहून मोठ्या गाडीवर आहे. दोन आसांच्या साध्या ट्रकचं मालासकट वजन 2018 मध्ये 16.2 टनांवरून 18.5 टनांवर नेलं गेलं. तेवढा एक ट्रक मला पुरे.

आता एक तक्रार. माझी नव्हे, आमच्या ओळखीच्या एका क्लीनरची. पोरगा मिसरूड फुटायच्या आधीपासून ट्रकवर आहे. ताडपत्री आवळणं, टॉमीने टायर ठोकून नुसत्या आवाजावरून हवा ओळखणं, ही त्याची रोजची कामं. गाडी रिव्हर्स घेताना मागे उभा राहून तो फळीवर थाप मारत ‘येऊ दे, येऊ दे’ ओरडतो, आणि त्याच्या ‘बस!’नंतर गाडी भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबते. पूर्वी त्याच्यासारख्यांना आठवी पासची अट आडवी येई. ती 2019 मध्ये निघाली, तेव्हा त्याने पेढे वाटले. पेढे संपले आणि आपण समोर उभे ठाकलात. आधी कार शिका, कारचा परवाना काढा, वर्षभर थांबा, मग ट्रकचं बघू.

तो विचारतो, ‘भाऊ, मला कार घ्यायचीच नाही, तर शिकू कशाला?’ मी त्याला समजावलं की कायद्याला पायरी लागते. कारवाल्याला वळणाचा अंदाज येतो. त्यावर तो हसला. म्हणाला, कारवाला वळायला जातो तिथे आम्ही अजून सरळच जात असतो. ट्रकच्या ड्रायव्हरची सीट पुढच्या चाकांच्याही पुढे, म्हणून नाक चौकात बरंच आत घालून मग स्टेअरिंग तोडायचं. तरी मागची चाकं आतून जातात आणि कोपऱ्यावरचा भाजीवाला शिव्या देतो. डाव्या खिडकीखाली स्कूटर आली तर केबिनमधून ती दिसतच नाही. म्हणून तर क्लीनरने डावीकडे बसून डोकं बाहेर काढायचं. आणि सकाळी चावी फिरवली की निघालो असं होत नाही. ब्रेक हवेवर चालतात, काटा वर चढेपर्यंत बसून राहायचं. कारमध्ये मी असा काटा पाहिलेला नाही. पण माझा परवाना मुरलेला आहे आणि त्याला परवानाच नाही, हा फरक विसरून चालणार नाही.

घाटाचं त्याने सांगितलेलं तर मी सोडूनच दिलं असतं. ज्या गिअरमध्ये चढशील त्याच गिअरमध्ये उतर, म्हणे. ब्रेकवर पाय ठेवून उतरलास तर ड्रम तापतील आणि ऐन वेळी ब्रेक लागणार नाहीत. पण कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतचा उतार पुणेकरांना ठाऊक आहे. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे तिथे नेहमीचेच. नोव्हेंबर 2022 मध्ये तिथे एकाच ट्रकने कितीतरी वाहनांना धडक दिली. असल्या उतारावर कारच्या परवान्याचं ते वर्ष नेमकं कुठे कामी येतं, हे आपण एकदा परिपत्रक काढून सांगावं. ते निघेल त्या दिवशी पुलाजवळ उभे असलेलेही वाचतील.

बाकी माझी तयारी जय्यत आहे. ड्रायव्हिंग स्कूलचा नमुना 5 मिळेल, डॉक्टरांचा नमुना 1-अ मिळेल. चाचणीला ट्रकच लागतो. पण तो भरलेला असावा असा कुणाचा आग्रह नसल्यामुळे रिकामा घेऊन मैदानात एक फेरी मारीन, थोडा मागे घेईन आणि पाच वर्षांचा परवाना खिशात घालीन. माल भरलेला ट्रक मला पहिल्यांदा भेटेल तो पगारी नोकरीवरच. मालकालाही मीच सोयीचा, कारण क्लेमच्या वेळी विमा कंपनी कार्ड मागते. भिंतीपासून वीतभर गाडी कोणी थांबवली, हे तिच्या फॉर्मवर विचारलेलं नसतं.

तेव्हा एकच विनंती. माझं ते मुरलेलं वर्ष कोरं करकरीत आहे. ते त्या क्लीनरच्या नावे वर्ग करता येत असेल, तर कुठला नमुना भरायचा ते कळवावं. त्याचे दोन पासपोर्ट साइज फोटो सोबत जोडले आहेत.

आपला नम्र,
एक परवानाधारक (वाहन नाही)