भोके मात्र तेवढीच

पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा हा आधुनिक राष्ट्राच्या आर्थिक प्रकृतीचा सर्वांत विश्वासू साक्षीदार होय. राष्ट्रीय उत्पन्नाचे आकडे मागाहून दुरुस्त होतात, बेरोजगारीची व्याख्या बदलते, दारिद्र्यरेषा सोयीनुसार वरखाली सरकते. पुड्याची किंमत मात्र पाच रुपये होती, पाच रुपये आहे आणि शास्त्राचा अंदाज खरा ठरला तर पाच रुपयेच राहणार आहे. बदलते ते फक्त आतले.

किंमत स्थिर राहण्याचे मुख्य कारण सुटे पैसे. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ पासून चलनातून बाद झाली. पन्नास पैशांचे नाणे कायद्याने अजून चालते. ते वाण्याकडे चालवून दाखवणारा ग्राहक अद्याप जन्मायचा आहे. त्यामुळे साडेपाच रुपये ही किंमत फक्त कागदावर संभवते. सहा रुपये ठेवले तर दहाची नोट देणाऱ्याला चार रुपये परत करावे लागतात आणि त्याऐवजी चार गोळ्या हातावर ठेवण्याची आपली थोर परंपरा आहे. पाचच्या वरची खरी पायरी एकच, दहाची. ती चढायची तर भाव एका दिवसात दुप्पट होतो आणि लोक ओरडतात. ग्रॅम काढून घेतले तर कोणी ओरडत नाही. शंभर ग्रॅमांचा पुडा पाच रुपयांना म्हणजे किलोला पन्नास रुपये. त्याच पैशात पन्नास ग्रॅम म्हणजे किलोला शंभर. भाव दुप्पट झाला आणि वेष्टणावरच्या पाचाच्या आकड्याची शाईसुद्धा हलली नाही.

ग्रॅम कमी करण्यास निमित्त लागते आणि ते जगात कोठेही मिळते. गहू, साखर आणि पामतेल हे बिस्किटाचे तीन आधार. २०२२ च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात थांबवली आणि मे महिन्यात पुन्हा सुरू केली. तेल परत येते. पुड्यातून गेलेले ग्रॅम परतीचे तिकीट काढून गेलेले नसतात.

बिस्किटाचा आकार, जाडी, नक्षी आणि भोके अशा क्रमाने अभ्यास करता येतो. आकार काही मिलिमीटरने घटतो, जाडी उजेडात धरल्यावर कळते, नक्षी जपली जाते. भोके मात्र विशेष लक्ष देण्याजोगी आहेत. भाजताना आतली वाफ बाहेर पडावी आणि बिस्कीट पुरीसारखे फुगू नये म्हणून ती पाडलेली असतात. आता असे की बिस्कीट लहान झाले तरी भोकांची संख्या सहसा तेवढीच राहते, कारण भोके कमी केली तर ग्राहकाला संशय येईल. परिणामी दर चौरस सेंटिमीटरमागे भोकांचे प्रमाण सातत्याने वाढत आहे आणि देशात ज्या गोष्टींची निर्विवाद वाढ झाली त्यांत या प्रमाणाची नोंद व्हायला हरकत नाही. याच गतीने पुढे गेल्यास एक अवस्था अशी येईल की भोकांभोवती नावापुरती कड उरेल. ग्राहक पाच रुपये देऊन भोके विकत घेईल आणि ती चुरगळू नयेत म्हणून त्यांना बिस्किटाची पातळ चौकट असेल. तेव्हा जाहिरातीत ‘आता अधिक हवेशीर’ असे छापून येईल, आहारतज्ज्ञ भोकांत उष्मांक नसल्याचे समाधानाने सांगतील आणि संध्याकाळच्या चर्चेत चौघे जण भोकांचा दर्जा पूर्वीपेक्षा किती सुधारला आहे यावर घसा फोडतील. चर्चेत एखाद्याने बिस्किटाचा विषय काढला तर त्याला नकारात्मक म्हटले जाईल.

निव्वळ वजन वेष्टणावर छापणे कायद्याने बंधनकारक आहे. ते सापडते मागच्या बाजूला, शिवणीलगत, घटक पदार्थांच्या खाली, कंपनीच्या पत्त्याच्या वर, चांदीवर पांढऱ्या अक्षरांत. येथे नियमाचे सौंदर्य पाहावे. आकड्याची किमान उंची मालाच्या वजनावर ठरते; पाकीट जितके हलके तितका आकडा बारीक छापण्याची मुभा. म्हणजे पुडा आकसला की आकसल्याची बातमीही आकसते. समोरच्या बाजूला तळहाताएवढे बिस्कीट छापलेले असते, दुधाचा फवारा असतो, गव्हाची लोंबी असते आणि साठी उलटलेला माणूस मागच्या बाजूचा आकडा वाचण्यासाठी पुडा हातभर लांब, मग नाकाशी, मग ट्यूबलाइटखाली धरून शेवटी दुकानातल्या पोराला विचारतो. पोरगा म्हणतो, ‘पाचवाला आहे, काका.’ एवढेच उत्तर त्याला माहीत असते आणि एवढेच माहीत असावे, अशी सारी रचना आहे.

ग्राहकाच्या मदतीसाठी आता एकक किंमत, म्हणजे प्रति ग्रॅम दरही छापला जातो. पाच रुपयांत पंचावन्न ग्रॅम असतील तर ग्रॅमला सुमारे नऊ पैसे. दोन दशांश स्थळांत ०.०९ रुपये. आता पाच भागिले अठ्ठावन्न करून पाहावे. उत्तर ०.०९. पाच भागिले त्रेपन्न. तेही ०.०९. अठ्ठावन्नपासून त्रेपन्नपर्यंत पाच ग्रॅम गेले, म्हणजे जवळपास एक अख्खे बिस्कीट दशांश चिन्हामागे लपले आणि छापील दर जागचा हलला नाही. गणिताच्या पुस्तकात पूर्णांकन हा धडा असतो; त्याचा व्यवहारात उपयोग काय, असे विचारणाऱ्या मुलांना हे उदाहरण द्यावे.

इतर देशांत या बाबतीत कमालीचा असंस्कृतपणा आढळतो. फ्रान्समध्ये १ जुलै २०२४ पासून मोठ्या दुकानांना, वजन घटवून दर चढवलेल्या मालाजवळ तसे सांगणारी सूचना दोन महिने लावावी लागते. दक्षिण कोरियात त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून न कळवता माल घटवणाऱ्याला दंड आहे. ब्रिटनमध्ये मोजदाद केली तेव्हा २०१२ ते २०१७ या काळात २,५२९ वस्तू आकसल्याचे आढळले. महागाईच्या एकूण आकड्यावर मात्र त्याचा जाणवण्याजोगा परिणाम दिसला नाही. हा निष्कर्ष दिलासा देणारा आहे. वस्तू अडीच हजार, परिणाम शून्य. पोटाला जाणवले ते बहुधा पोटाचे वैयक्तिक मत असावे.

वजन नेहमी घटतेच असे नाही. बिस्किटांवरचा वस्तू व सेवा कर २२ सप्टेंबर २०२५ रोजी १८ वरून ५ टक्क्यांवर आला. हिशेबाने पाचाचा पुडा चार रुपये पंचेचाळीस पैशांना यायला हवा आणि पाच पैशांचे नाणे तर केव्हाच इतिहासजमा झालेले. तेव्हा किंमत तीच ठेवून ग्रॅम वाढवणे हा सुटसुटीत मार्ग. ग्रॅम वाढतात तेव्हा पुड्याच्या कपाळावर लालपिवळा तारा उगवतो आणि ताऱ्यात ‘१२ टक्के जादा’ असे अंगठ्याएवढ्या अक्षरांत लिहिलेले असते. ‘१२ टक्के उणे’ असा तारा आजवर कोणत्याही पुड्यावर उगवलेला नाही. शिवाय ‘जादा’ कशापेक्षा, हेही तारा सांगत नाही. कालच्यापेक्षा जादा असेल. दहा वर्षांपूर्वीच्या पुड्याशेजारी ठेवला तर तारा काळवंडेल.

सामाजिक परिणामांपैकी दोन ठळक आहेत. मजूर अड्ड्यावर सकाळी सातच्या सुमारास एक कटिंग आणि एक पुडा ही न्याहारी असते. गवंड्याच्या हाताखालचा बिगारी वजन वाचत नाही. त्याचे मोजमाप चहा. पूर्वी चहा संपल्यावर हातात दोन बिस्किटे उरत आणि ती खिशात जात. पुढे बिस्किटे संपल्यावर ग्लासात चहा उरू लागला. मध्यंतरी टपरीवाल्याचा ग्लासही बुटका झाल्याने दोन्ही एकाच वेळी संपतात आणि समतोल साधला जातो. दुसरा परिणाम बैठकीच्या खोलीत दिसतो. पाहुण्यापुढच्या बशीत बिस्किटे पंख्यासारखी पसरून गोल पुरा करण्याची रीत होती. आता एका पुड्यात अर्धवर्तुळच होते आणि उरलेल्या जागी फरसाण येते. शेवटचे बिस्कीट पाहुण्याने उचलू नये असा संकेत आहे. हल्ली पहिले उचलतानाच ते शेवटचे वाटते.

ही पद्धत बिस्किटांपुरती राहिली असती तर हे प्रकरण येथे संपले असते. वेष्टण तेच, नाव तेच, आतला माल कमी, ही युक्ती एकदा खपल्यावर ती नोकरीला लावली गेली. महाविद्यालयाच्या दारावर ‘प्राध्यापक’ अशी पाटी आहे. आत तासिका तत्त्वावरचा पस्तिशीतला माणूस आहे, नेट-सेट, पीएच.डी. झालेला, ज्याला शिकवलेल्या तासाचे पैसे मिळतात आणि पेपर तपासल्याचे, मुलांची अडचण ऐकल्याचे, सुट्टीतल्या दोन महिन्यांचे मिळत नाहीत. कार्यालयात ‘कर्मचारी’ आहे. करार अकरा महिन्यांचा, बारावा महिना हवा. स्थळ पाहायला गेल्यावर मुलीचा बाप ‘पर्मनंट आहे का?’ असे विचारतो तेव्हा तो दुष्ट नसतो. तो निव्वळ वजन शोधत असतो. त्याला ते कोणी ठळक छापून देत नाही. उलट समोरच्या बाजूला तरुणांचा देश, संधींचा देश, अशी तळहाताएवढी चित्रे आहेत आणि ती खरी मानली नाहीत तर दोष पाहणाऱ्याच्या डोळ्यांचा ठरतो. पंधरा वर्षे शिकून माणसाला अर्धी नोकरी द्यायची आणि तिला पूर्ण नोकरीचे नाव द्यायचे, याला बाजाराची गरज म्हणत नाहीत. याला फसवणूक म्हणतात, ती कायद्यात बसत असली तरी.

कायद्याचे शेवटचे कलम असे : पुड्यात छापील वजनापेक्षा माल कमी भरला तर ग्राहकाला तक्रार करता येते. छापील वजनच कमी केले आणि तेवढा माल प्रामाणिकपणे भरला, तर तक्रार होत नाही. सबब ग्राहकाने पुडा घेण्यापूर्वी मागची बाजू वाचावी आणि त्यासाठी भिंग घरूनच न्यावे. ते पाच रुपयांत मिळत नाही.