केळ्याचे अपील

ज्या रावेर तालुक्यात केळीच्या बागा राखण्यात आणि केळ्याच्या भावाची चर्चा करण्यात माणसांचे केस पिकतात, त्या तालुक्यातील वृद्धांच्या मेंदूचे संरक्षण शिकागोच्या एका विद्यापीठाने परस्पर ब्लूबेरीकडे वर्ग करावे, ही गोष्ट महसूल खात्यात अव्वल कारकुनी करून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या माणसास उघडउघड अधिकारातिक्रमणाची वाटल्यास त्यात नवल नाही. रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस या विदुषींनी २०१५ साली प्रसिद्ध केलेला ‘माइंड’ नामक आहार चिरंजिवांनी अक्रोडांच्या पुड्यासह पुण्याहून पाठविला. त्यात पालेभाजी, कडधान्य, मासे, अक्रोड-बदाम, ऑलिव्हचे तेल यांची यथासांग नोंद आहे. फळांच्या रकान्यात मात्र बेरी तेवढी दाखल असून केळ्याचा नामनिर्देशही नाही.

हा मजकूर आमच्या ओट्यावर वाचून दाखविताच हलकल्लोळ उडाला. ज्या जळगावी केळ्यास २०१६ साली भौगोलिक मानांकनाची सनद मिळाली, त्याची ही अवहेलना भाऊ बागायतदारांना सोसवेना. “अण्णा, अपील करा!” ते गरजले. तेव्हा निवृत्त गुरुजींनी, वनस्पतिशास्त्राचा आधार घेऊन, एका फुलाच्या एकाच अंडाशयातून वाढलेले गरदार केळे हीच शास्त्रशुद्ध बेरी होय आणि स्ट्रॉबेरी ही बेरी नव्हेच, असा बिनतोड पुरावा हजर केला. मुद्दा सत्य होता, परंतु बेरीचे माहात्म्य तिच्या कुळात नसून अँथोसायनिन नामक जांभळट रंगद्रव्यात सांगितले जात असल्यामुळे अपील गुणदोषांवर फेटाळणे मला भाग पडले.

गुरुजी हार मानणारे नव्हेत. वांगे हीसुद्धा बेरीच, हे त्यांनी पुढे मांडले. पण जांभळ्या वांग्याचे ते रंगद्रव्य सालीत असते, आमचे भरिताचे वांगे पडले हिरवट-पांढरे, आणि त्याचीही साल आम्ही काड्यांच्या जाळावर काळी करून, बोटे पोळत सोलून फेकून देतो! मागे उरतो तो धुराच्या वासाचा मऊ गर; तो ठेचून त्यात हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात आणि शेंगदाणे घालावेत, तेलाचा हात मुळीच आखडू नये, आणि सोबत कळण्याची भाकरी असावी. ज्वारी-उडदाच्या त्या भाकरीने अखंड धान्याचे कलम तरी पुरे होते, अशी आपली माझी समजूत.

पुढे २०२३ साली या आहाराची रीतसर चौकशी प्रसिद्ध झाली. तीन वर्षे एका पक्षास माइंड आहार दिला, दुसऱ्यास त्याचे नेहमीचेच अन्न, आणि दोघांनाही थोडे बेताने खाण्याची ताकीद. दोन्ही पक्षांची बुद्धी किंचित सुधारली, उभयतांत लक्षणीय अंतर मात्र पडले नाही. “म्हणजे दोन घास कमी खाल्ले की झालं,” असा सौभाग्यवतींनी निकाल दिला. निकालपत्रात असे कोठेही म्हटलेले नाही, हे मी निदर्शनास आणून दिले. तथापि माझ्या ताटातील तूप त्याच दिवसापासून जप्त झाले.

एवढ्यावर भागते तर ठीक. पण ‘लॅन्सेट’च्या मंडळाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाची टाळण्याजोगी १४ कारणे नमूद केली आणि त्यांचा आयुष्यभर बंदोबस्त केल्यास जवळजवळ ४५ टक्के प्रकरणे टळतील वा लांबतील असा अंदाज वर्तविला. त्यांत रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर, एकलकोंडेपणा ही मातब्बर मंडळी आहेतच. पण मध्यम वयापासूनची दुर्लक्षित श्रवणहानीही आहे. सौभाग्यवतींनी नेमके तेच कलम बोटाखाली धरून, कपाटात डबीबंद पडलेल्या माझ्या कर्णयंत्राची सर्वांसमक्ष चौकशी केली. अक्रोड मी चावीन, चार मैल चालेन, शब्दकोडी सोडवीन. पण ज्याचे कान शाबूत आहेत त्याने यंत्र का लावावे?

याच मुद्द्याचे मी सविस्तर प्रतिपादन करीत असताना ओट्यावरची मंडळी एकामागून एक उठून आत का गेली, याचा उलगडा मला भाऊ तेलकट मिशा पुसत बाहेर आले तेव्हा झाला.