महापालिकेचे पझेशन कधी?

कल्याण-डोंबिवली महापालिका सरळ बिल्डरच्या ताब्यात देऊन टाकावी, अशी सूचना मी आमच्या कट्ट्यावर अधूनमधून मांडत असतो. पूर्वी मंडळी हसायची. हल्ली विचारतात, "का, अजून द्यायची बाकी आहे?"

प्रश्नात तथ्य आहे. ज्यांना ते दिसत नसेल त्यांनी कल्याण-शीळ रस्त्याने निळज्यापर्यंत जाऊन यावे. निघताना घरी सांगून निघावे, कारण परतीची वेळ तो रस्ता ठरवतो. निळजे, घेसर, काटई, खोणी ही आगरी गावे; भाताची खाचरे होती, पावसाळ्यात तळी तुडुंब भरत. २०१० च्या सुमारास लोढा समूहाने इथे पलावा नावाचे शहर विकायला काढले. आधी शहर विकायचे आणि मग बांधायचे, ही रीत नगररचनेच्या पुस्तकात नसेल, पण पुस्तकाप्रमाणे बांधलेले शहर कोणी पाहिले आहे? कंपनीच्या सांगण्यानुसार आवाका साडेचार हजार एकरांचा.

आत शिरल्यावर डोंबिवलीकराला पहिला धक्का बसतो तो फुटपाथचा. तिथे फुटपाथवर माणसे चालतात. मोबाइल कव्हरची गाडी नाही, स्कूटर दुरुस्तीचे गॅरेज नाही, भावी आमदारांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देणारा फ्लेक्स नाही. झाडांना पाणी घातले जाते आणि झाडे ते पितात. शाळा आहे, मॉल आहे, मैदान आहे, रात्री दिवे लागतात. या सगळ्याची देखरेख करायला पलावा सिटी मॅनेजमेंट असोसिएशन आहे. ही कामे महापालिका करते, असा आमच्या पिढीचा गैरसमज शाळेतल्या नागरिकशास्त्राने करून दिला होता. २० मार्कांचा विषय, तेवढेच त्याचे महत्त्व.

यात बिल्डरने काही हिसकावून घेतले, असे कोणी समजू नये. सरकारने ताटात वाढून दिले आहे. नगर वसाहतीचे धोरण म्हणते, किमान १०० एकर जमीन एकत्र करा. रस्ते, पाणी, बागा, शाळा तुमचे तुम्ही करा. आम्ही सवलती देतो. म्हणजे जमीन शेतकऱ्याची, शहर बिल्डरचे आणि सही शासनाची. अशा वसाहतीतल्या घरांना मालमत्ता करात ६६ टक्के सवलत ठरली. सरकारी खात्याने एवढ्या स्वच्छ आकड्यात दिलेली कबुली दुसरी नसेल: तुमच्या दारात आमचे दोन तृतीयांश काम होत नाही. उरलेला एक तृतीयांश कर कशाचा, तर बहुधा जन्म-मृत्यूच्या दाखल्यांचा. तेवढ्या दोन गोष्टी अजून बिल्डरच्या पॅकेजात बसवलेल्या नाहीत.

पॅकेजवरून आठवले. २०१५ साली महापालिका निवडणुकीच्या तोंडावर तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीला ६,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. डोंबिवलीकर ते अजून शोधत आहेत. पुढे २०१९ मध्ये हुरुन-ग्रोहे यांनी देशातल्या श्रीमंत बिल्डरांची यादी काढली, तेव्हा याच लोढा समूहाचे मंगलप्रभात लोढा आणि कुटुंबीय ३१,९६० कोटींसह पहिल्या क्रमांकावर होते. हिशेब केला तर एका घरात जवळजवळ पाच डोंबिवली पॅकेजे बसतात. फरक एवढाच की घरातली संपत्ती मोजता येते.

लोढाजी १९९५ पासून मलबार हिलचे आमदार आहेत. २०२२ मध्ये मंत्री झाले, मुंबई उपनगर जिल्ह्याचे पालकमंत्री झाले आणि २०२३ मध्ये थेट मुंबई महापालिकेच्या मुख्यालयात पालकमंत्र्यांचे दालन उघडले, तेव्हा विरोधकांनी आकांडतांडव केले. मला त्यात वावगे दिसत नाही. ज्याने शहरे बांधून विकली, त्याला शहर चालवतात कुठे ते आतून पाहावेसे वाटणारच. कंपनीचा कारभार चिरंजीव पाहतात, वडील जनतेचा पाहतात. कामाची इतकी चोख वाटणी आमच्या महापालिकेच्या पाणी खात्यात आणि रस्ते खात्यात असती, तर नवा डांबरी रस्ता चौथ्या दिवशी पाइपसाठी खोदला गेला नसता.

कुटुंबाच्या कार्यक्षमतेचा आणखी एक पुरावा. जानेवारी २०२५ मध्ये थोरले चिरंजीव अभिषेक यांच्या कंपनीने धाकटे अभिनंदन यांच्या कंपनीला मुंबई उच्च न्यायालयात खेचले. भांडण 'लोढा' हे नाव कोणी वापरायचे याचे, मागणी ५,००० कोटींच्या भरपाईची. सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती मध्यस्थीला बसले आणि एप्रिलमध्ये सगळे गोडीगुलाबीने मिटले. आता याच पलावाच्या अवतीभवतीच्या २७ गावांचा प्रश्न घ्या. १९८३ मध्ये ती महापालिकेत आली. २००२ मध्ये बाहेर गेली. २०१५ मध्ये परत आत. मार्च २०२० मध्ये त्यांतली १८ पुन्हा बाहेर, आणि डिसेंबरात उच्च न्यायालयाने तो निर्णयच रद्द केल्याने पुन्हा आत. एवढ्या फेऱ्या पहिलटकरीण माहेरी-सासरी करत नाही. गावे आत असोत की बाहेर, उन्हाळ्यात पाण्याची बोंब तीच. दोन भावांच्या नावाचा वाद तीन महिन्यांत सुटतो आणि २७ गावांचा पत्ता चाळीस वर्षांत ठरत नाही, याचे कारण उघड आहे. नावाला बाजारभाव असतो.

कट्ट्यावरचे आमचे एक स्नेही, निवृत्त बँक अधिकारी, या माझ्या सूचनेला नेहमी आडवे येतात. "अहो, लोकशाहीचे काय?" काय म्हणजे काय? महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली. त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ शहराला नगरसेवक नव्हता, प्रशासक होता. आमच्या सोसायटीतल्या काही जणांना ही गोष्ट निवडणूक लागल्यावर कळली. "म्हणजे मधे कोणीच नव्हते?" असे त्यांनी खरोखर आश्चर्याने विचारले. याउलट पलावात लिफ्ट दोन तास बंद पडू द्या, व्हॉट्सॲप ग्रुपवर क्रांती होते. मेंटेनन्सच्या बिलात शंभर रुपये वाढू द्या, लोक ताळेबंद मागतात. जो गृहस्थ महापालिकेचे बजेट किती हजार कोटींचे आहे हे सांगू शकत नाही, तोच क्लबहाऊसच्या दिव्यांचे वीजबिल तोंडपाठ सांगतो. नागरिक म्हणून आपण झोपलेले असतो, गिऱ्हाईक म्हणून टक्क जागे.

आणि गिऱ्हाईकाने जायचे तरी कुठे? डोंबिवलीने माणसाला रंग कमी दाखवलेत का? २०१४ मध्ये इथे हिरवा पाऊस पडला, २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. मधे २०१८ मध्ये नितीन गडकरी येऊन हे शहर घाणेरडे आहे असे तोंडावर सांगून गेले; केंद्रीय मंत्र्याचे एवढे खरे बोलणे आम्हाला सोसले नाही. स्वस्त घर घ्यावे तर त्याची गत अशी, की बनावट बांधकाम परवानग्या दाखवून इथल्या ६५ इमारतींनी महारेराची नोंदणीसुद्धा मिळवली. नोव्हेंबर २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्या पाडायचे आदेश दिले. आत राहणाऱ्यांचे कर्जाचे हप्ते खरे, बँकेचा शिक्का खरा, फक्त इमारत खोटी. हे ऐकल्यावर मध्यमवर्गीय माणूस मोठ्या बिल्डरच्या गेटमधून आत जातो आणि कमान ओलांडल्यावर सुस्कारा सोडतो. आपण फ्लॅट घेतला असे त्याला वाटते. त्याने कायद्याचे राज्य विकत घेतलेले असते, कार्पेट एरियाच्या दराने.

तेव्हा बिल्डर शहरावर राज्य करतो अशी जी तक्रार ऐकू येते, ती मला अन्यायाची वाटते. तो फक्त दुकान चालवतो. बाजारात जी वस्तू मिळेनाशी झाली होती ती त्याने ठेवली. ती वस्तू म्हणजे सरकार होते, हा योगायोग.

अडचण गेटच्या बाहेर सुरू होते. कल्याण-शीळ रस्त्यावर काटई-निळजे इथे रेल्वेमार्गावरून जाणारा उड्डाणपूल सरकारने बांधायला घेतला आणि कित्येक वर्षे बांधतच ठेवला. ४ जुलै २०२५ रोजी तो एकदाचा उघडला. काही तासांतच दुचाक्या घसरायला लागल्या आणि तो बंद करावा लागला. खडी साफ करून पुन्हा उघडला. या पुलाला सगळे 'पलावा पूल' म्हणतात. पलावाचे नाव लागलेली आणि पलावाने न बांधलेली ही बहुधा एकमेव वास्तू. बिल्डरला या बदनामीबद्दल भरपाई मागता येईल. घरात अनुभव आहे.

पण तो मागणार नाही, कारण बाहेरच्या कामांवरच त्याची जाहिरात उभी आहे. कल्याण-तळोजा मेट्रो येणार, ऐरोली-काटई मार्ग येणार, बुलेट ट्रेनचे ठाण्याचे स्थानक म्हातार्डीला होणार, नवी मुंबईचा विमानतळ तर ऑक्टोबर २०२५ मध्ये उद्घाटन होऊन तयारही झाला. यांतले एकही काम बिल्डरचे नाही. पैसा, विमानतळ सोडला तर, बहुतेक तुमच्या-आमच्या कराचा. पण सेल्स ऑफिसात हे सगळे मिनिटांत सांगतात: विमानतळ इतकी मिनिटे, ऐरोली इतकी मिनिटे. ती मिनिटे कुठल्या सालातली, हे विचारायचे नसते. मेट्रोचा खांब उभा राहिला की चौरस फुटाचा भाव वर जातो आणि तो खांब रस्त्यात आल्यामुळे जो तासभर जातो तो मात्र रहिवाशाच्या खात्यात जमा होतो. शेतकऱ्याने जमीन विकली तेव्हाच्या भावात या मिनिटांची किंमत धरलेली नव्हती. त्याची सून आता त्याच जमिनीवरच्या विसाव्या मजल्यावर धुणीभांडी करायला पास दाखवून जाते.

आता माझी मूळ सूचना. खूप विचार करून मी ती मागे घेत आहे. महापालिका बिल्डरला द्यायला माझी हरकत नाही; बिल्डर ती घेणार नाही, ही अडचण आहे. तो मूर्ख नाही. त्याने शहरातून विकता येईल तेवढाच भाग उचलला. स्टेशनबाहेरची रिक्षांची रांग, खाडीत जाणारे सांडपाणी, कचऱ्याचे डोंगर, २७ गावांचे पाणी, घसरणारे पूल आणि दिवा स्टेशनला लोकलच्या दारात लोंबकळणारी गर्दी यांना सॅम्पल फ्लॅट काढता येत नाही. हा सगळा माल आपल्या नावावर आहे, ओसीशिवाय.

आणि त्याचा मेंटेनन्स थकला आहे. तो भरायची सोय पाच वर्षांतून एका दिवशी असते, तीही मधे प्रशासक न आला तर. बोटाला शाई लावतात, पावती देत नाहीत, सुट्टी मात्र देतात. त्या सुट्टीला सकाळपासून कल्याण-शीळ रस्ता गाड्यांनी भरून जातो. अर्धी डोंबिवली सहकुटुंब पलावात टू बीएचके बघायला निघालेली असते.