परकराची नाडी

"आयकलं का वं? मागच्या आळीतल्या बाईले या वयात दिवस गेले म्हन्तात!"

"कोन म्हन्ते, काकू?"

"नळावर म्हन्तात. पोट नाही पाह्यलं का तिचं?"

"पाह्यलं. हातही पाह्यले, काड्या झाल्या. पोलकं ढिलं झालं अन् परकराची नाडी पुरत नाही. गाठ मारायले कशीबशी चार बोटं उरते. असे दिवस कोनाले जातात?"

"मग गॅस असंन. ओवा खाय म्हना."

"दोन महिन्यांपासून ओवाच खाते. दोन घासांत पोट भरते, ओटीपोट दुखते, घडीघडी लघवीले उठते. आधी तेंदूपत्ता होऊ दे, मग धानाची रोवनी होऊ दे, असंच चाललं तिचं."

"पाळी जाऊन वर्षं झाली तिची. आता तिथं काय होनार?"

"पाळी गेली तरी अंडाशय तिथंच रायते. त्याचा कॅन्सर तर बहुतेक पाळी गेल्यावरच होते."

"मायबाई! काहीही तोंडात आनते."

"तोच आहे असं नाही म्हनत. गॅसही असंन. पन नवीनच सुरू झालं अन् महिन्यातले बारा-पंधरा दिवस तेच, तर तपासायचं. तिच्या बहिनीले स्तनाचा झाला होता ना? घरात तसं असलं तर जास्तच जपा लागते."

"शिबिरात तपासलं होतं की! सारं ठीक निघालं."

"ते गर्भपिशवीच्या तोंडाचं. अंडाशयाचं त्यात समजत नाही. त्याले आतून तपासनी, सोनोग्राफी, अन् सीए-१२५ नावाची रक्ताची तपासनी. नुसत्या रक्तावर भरोसा नाही, साध्या गाठीतही ते वाढते."

"पन दाखवाची लाज वाटते वं."

"तेच तं! गडचिरोलीच्या राणी बंग डॉक्टरीनबाईंनी वसा अन् अमिर्झा गावच्या ६५० बाया तपासल्या. १९८९ मध्ये छापून आलं ते. शंभरातल्या ९२ जनींले आतला काही ना काही आजार, अन् आधी तपासून घेतलेल्या फक्त ८. बाकीच्या सोसतच होत्या."

"मग कधी नेते तिले?"

"उद्या, चंद्रपूरले. राशनकार्ड, आधार पिशवीत टाकाले सांगितलं, महात्मा फुले आरोग्य योजनेले लागते. काही निघालंच तर नागपूरले तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल आहे."

"नवरा काय म्हन्ते?"

"गॅससाठी बसभाडं काहून, म्हन्ते."

"त्याले मी पाह्यतो. तुमी जा. तिच्या शेळ्या मी सोडीन."

"अन् त्याचा डबा?"

"हात मोडले का त्याचे?"