हिरवा सोडून कुठलाही

सातारा जिल्ह्यात राहून घरात एकही फौजी नसणं हे सोपं नाही. आमच्याकडं अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याच्या नावाला 'मिलिटरी' कायमचं जोडलेलं आहे. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जवान कामी आले. देशातलं पहिलं सैनिक स्कूल 1961 साली निघालं तेही साताऱ्यातच. आणि आमचं घराणं? तलाठी, मास्तर, बँक. मिलिटरीशी आमचा संबंध शेजारच्या सुभेदारांच्या कॅन्टीन कार्डापुरता, तोही रात्री आठनंतरचा. लहानपणी सैनिक स्कूलच्या प्रवेश परीक्षेला मी बसलो होतो, पण गणिताच्या पेपरात माझं पानिपत झालं. तो सल मी बँकेच्या काउंटरमागं बसून जपला. निवृत्त झालो, फंडाचे पैसे हातात आले आणि त्या सलाला चार चाकं फुटली.

दुसऱ्या महायुद्धातली जीप घ्यायची आणि कारखान्यातून निघाली तेव्हा होती तशी करायची, असं ठरलं. तशी म्हणजे तश्शी. त्यासाठी आधी अभ्यास हवा. महायुद्धात विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीपगाड्या बनवल्या. आराखडा एकच, पण आपला माल आपल्याला ओळखू यावा म्हणून फोर्डनं सुट्या भागांवर, अगदी बोल्टाच्या डोक्यावरसुद्धा 'एफ' ठोकला. पुढच्या जाळीला नऊ फटी असतात, युद्धानंतरच्या मुलकी जीपला सात. जाळीखालचा चासीचा आडवा दांडा विलीजचा गोल, फोर्डचा पालथ्या 'यू'च्या आकाराचा. हेडलाइट उलटे फिरवून इंजिनावर पाडता येतात, म्हणजे रात्री दुरुस्ती करता येते. स्टिअरिंग डावीकडं. मागं फाळका नाही, तिथं स्टेपनी आणि पेट्रोलचा डबा. बॅटरी सहा व्होल्टची. ही माहिती मी जेवताना, फिरताना आणि एकदा तर दहाव्याला घाटावरही दिली. सौ. म्हणाली, "लोक रिटायर झाल्यावर गुडघे बघतात, तुम्ही बोल्ट बघताय."

अभ्यास पक्का करायला नगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, रणगाड्यांचं संग्रहालय पाहायला गेलो. 1994 साली उघडलेलं हे संग्रहालय प्रत्येक मराठी माणसानं शिर्डीला जाताना वाट वाकडी करून पाहावं असं आहे. रोल्स रॉइसची चिलखती गाडी आहे, माटिल्डा आहे, चर्चिल आहे, शेर्मन आहे, 1965 च्या युद्धात हाती लागलेला पॅटन आहे. मी प्रत्येकापुढं हात मागं बांधून, हनुवटी वर करून उभा राहत होतो. तिथल्या जवानाला काय वाटलं कोण जाणे, तो ताठ झाला आणि म्हणाला, "सर, कौन सी रेजिमेंट?"

"कर्जवसुली विभाग," मी म्हणालो.

आता जीप. युद्ध संपल्यावर मिलिटरीच्या गाड्या 'डिस्पोजल'मध्ये निघाल्या आणि मिळेल त्यानं त्या घेतल्या. पुढं कुणी त्यात ऊस तोडणारी माणसं नेली, कुणी निवडणुका लढवल्या, कुणी वडाप केलं. अमेरिकन फौजेनं चौघांसाठी बनवलेल्या गाडीत आमच्याकडं चौदा बसतात आणि पंधरावा 'जरा सरका की' म्हणतो. त्यामुळं सांगली-साताऱ्यात डिस्पोजलची जीप मिळणं अवघड नाही. तिच्यात मूळची जीप किती उरली आहे, ते शोधणं अवघड.

माझी जीप तासगावकडं एका बेदाण्याच्या शेडमागं मिळाली. तिच्यात कोंबड्या राहत होत्या. मालक म्हणाला, "मिलिटरीचीच हाय पावणं. आज्जा सांगायचा, बर्म्यात हुती." मी गुडघ्यावर बसून बॅटरी मारली आणि मडगार्डच्या बोल्टावर अक्षर दिसलं: 'एफ'. माझ्या घशात आवंढा आला. तो मालकालाही दिसला असावा, कारण किंमत जागेवर वाढली.

बाकीचे पुरावे, खरं सांगायचं तर, जरा कुरकुरत होते. जाळीच्या जागी पोल्ट्रीची तार ताणलेली होती, त्यामुळं फटी मोजता येईनात. आडव्या दांड्याच्या ठिकाणी उसाच्या ट्रॉलीचा अँगल वेल्डिंग केलेला. स्टिअरिंग उजवीकडं, म्हणजे नंतर कुणीतरी बदललं असणार. मागं फाळका, तो क्रेट चढवायला कापला असणार. हेडलाइट नव्हतेच, त्यामुळं ते उलटे फिरतात की नाही हा प्रश्नच मिटला. संशोधकाचं असंच असतं. पुरावा बाजूनं असला की तो पुरावा, विरोधात गेला की 'दुर्मीळ नमुना'. ट्रॉलीवर घालून मी तो दुर्मीळ नमुना पेठ नाका, कऱ्हाड करत साताऱ्याला आणला. वाटेत चहाला थांबलो तिथं एकानं विचारलं, "भंगार काय भाव घेतलं?"

साताऱ्यातल्या मिस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि टोपी मागं सारली. "सायेब, हे मॅटाडोरचं इंजान हाय."

मॅटाडोरचं इंजिन म्हणजे पुण्याच्या बजाज टेम्पोनं मर्सिडीजच्या परवान्यावर बनवलेलं डिझेल. मी चाकाच्या ठोकळ्यावर मटकन बसलो. ज्या जर्मनांना हरवण्यासाठी जीप नावाची वस्तू जन्माला आली, त्यांचंच इंजिन हिच्या पोटात! मिस्त्रींना त्यात काही गैर दिसलं नाही. "लई गुणाचं इंजान हाय. ह्याला हात लावू नका." मी ठामपणे सांगितलं, मूळचं पेट्रोल इंजिन बसवायचं: 2.2 लिटर, चार सिलिंडर, 60 अश्वशक्ती.

"अ‍ॅव्हरेज काय दील?"

"सात-आठ."

मिस्त्री बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमचा पंप हाय का सायेब?"

पुढचा काळ मी पुण्याच्या जुन्या बाजारात काढला. बुधवार आणि रविवार हे माझे उपासाचे वार झाले, कारण सकाळी निघालो की जेवायची शुद्ध राहायची नाही. ब्लॉक मिळाला, हेड मिळालं नाही. हेड मिळालं तेव्हा कळलं की ब्लॉकला तडा आहे. डायनमो मिळाला तो ट्रॅक्टरचा. जे मिळालं नाही ते कुपवाडच्या एमआयडीसीत लेथवर करून घेतलं. तिथल्या कारागिराला मी फक्त फोटो दाखवला, त्यानं चहा संपायच्या आत मूळच्यापेक्षा नेटका बुश काढून दिला. याच सांगली जिल्ह्यात, कुंडलच्या माळावर, 1910 साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना थाटला आणि लोखंडी नांगर ओतले. हात त्या मातीतले आहेत. मी त्याला म्हणालो, "ह्याच्यावर एक 'एफ' ठोकून द्या, मूळचा वाटेल." त्यानं ठोकला. परत आलो तर मिस्त्री म्हणाले, "ह्यो कशाला ठोकला? बुश तर मागचा हाय."

"म्हणजे?"

"एफ म्हंजे फ्रंट. गाडी खोलताना म्होरचा बोल्ट मागं जाऊ नये म्हणून आमचं उस्ताद एफ आन् आर ठोकायचं." आणि त्यांनी तासगावच्या त्या पवित्र बोल्टाच्या शेजारचा बोल्ट पुसून दाखवला. त्याच्यावरही एफ होता, जरा तिरका.

तरी मी हरलो नाही. रंग उरला होता. जुन्या गाडीचा खरा इतिहास रंगाच्या थरांत असतो. युद्धातली गाडी असेल तर खाली पांढरा तारा, नंबर, डिव्हिजनचं चिन्ह, काहीतरी सापडतंच. मी पॉलिश पेपर घेऊन बसलो. वरचा थर भगवा, कुणाच्या तरी निवडणुकीचा. त्याखाली निळा. त्याखाली पिवळा, बहुतेक वडापचा. त्याखाली पांढरा, आणि बाजूच्या पत्र्यावर पांढऱ्यावर एक लाल टोक. माझा श्वास अडकला. चौथ्या भारतीय डिव्हिजनचं चिन्ह लाल गरुड! उत्तर आफ्रिका, इटली, कॅसिनो! हे गरुडाच्या पंखाचं टोक होतं. मी सौ.ला हाक मारली, सुभेदारांना बोलावलं, मिस्त्रींना फोन करून रिक्षानं आणवलं. सगळ्यांसमोर पाणी लावून अलगद घासत गेलो. पंख रुंद होत गेला, सरळ होत गेला, कडा फारच सरळ होत गेल्या.

तो पालथा लाल त्रिकोण होता.

कुटुंब नियोजनाचा. 1960 च्या दशकापासून दवाखान्यांच्या भिंतींवर आणि एसटीच्या पाठीवर सगळ्यांनी पाहिलेला. सुभेदारांनी चष्मा पुसला. म्हणाले, "बँकवाले, ही डिव्हिजन इटलीत नव्हती. ही घरोघरी होती."

मग आरटीओतनं जुन्या नोंदीची नक्कल काढली. गाडी महिंद्रची, साठच्या दशकातली, पहिला मालक आरोग्य खातं. महिंद्रनं माझगावला जीप जोडायला 1949 मध्ये सुरुवात केली होती, म्हणजे माझी युद्धवीर युद्ध संपून पुष्कळ वर्षांनी जन्मली. मी स्वतःचं सांत्वन केलं की 1965 मध्ये असल उत्तरला अब्दुल हमीदनं जीपवरच्या 106 मिलिमीटरच्या तोफेनं पॅटन फोडले, ते याच दशकात. सौ. म्हणाली, "त्या दशकात मी बालवाडीत होते. मला पण परमवीर चक्र द्या."

तरीही मिलिटरी हिरवा मारायचाच, असं मी ठरवलं. खर्च एवढा झालाय, निदान रंग तरी आपल्या मनाचा. आरटीओतल्या एजंटानं मान हलवली. "हिरवा सोडून कुठलाही." केंद्रीय मोटार वाहन नियमांत 121 क्रमांकाचा नियम आहे: ऑलिव्ह ग्रीन फक्त संरक्षण खात्याच्या गाडीला. म्हणजे अस्सल युद्धातली विलीज जरी मिळाली असती, तरी तिला तिचाच रंग देता आला नसता. एवढ्या अभ्यासात एवढा एक नियम तेवढा वाचायचा राहिला होता.

एजंटानंच दुसरी वाट दाखवली: व्हिंटेज नोंदणी. 2021 पासून पन्नास वर्षांवरच्या गाडीला 'व्हीए' मालिकेतला नंबर मिळतो, फी 20,000 रुपये. अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणायची नाही. फक्त प्रदर्शन, रॅली, देखभाल आणि इंधन भरण्यापुरती बाहेर काढायची. सात-आठच्या अ‍ॅव्हरेजला हे अगदी चपखल आहे, पेट्रोल भरायला जायचं आणि येता-जाता संपवायचं. पण मूळ रूप? मीच वर्षभर गावाला ऐकवत होतो, तशी म्हणजे तश्शी. मिस्त्रींनी पांढरा रंग कालवला आणि विचारलं, "तिरकूण हातानं काढू का स्टेन्सिलनं?"

तर आता मी कुटुंब नियोजनाची जीप बाळगून आहे. तिचं पहिलं दर्शन पलूसकडल्या एका गावात, यात्रेतल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात झालं. माझ्या एका बाजूला कुणाची तरी बुलेट, दुसऱ्या बाजूला बैलांसकट छकडा. मी हात मागं बांधून, हनुवटी वर करून उभा. गर्दीतून एक आजोबा काठी टेकत आले, गाडीला एक फेरी मारली, त्रिकोणापाशी थबकले आणि दोन पावलं मागं सरले.

"परत आली व्हय ही?"

1976 साली आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकसुद्धा मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते लागू झालं नाही. पण गाड्या फिरतच होत्या. माझ्या अंगावर काटा आला. इतके दिवस शोधत होतो तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदार समोर उभा होता. मी वही काढली.

"आजोबा, तुम्ही हीच गाडी बघितलीय?"

"बघितली? माझ्या मागं लागली हुती की! मी म्होरं उसात, ही मागं. मी वड्यात उतरलो तर ही बी वड्यात. आन् रुतली."

"फोर-बाय-फोर टाकला नव्हता का?"

"मला काय ठावं बाबा, मी पळत हुतो."

"मग?"

"मग काय, डाक्टर आन् डायवर बोंबलाय लागले. आमी चौघं उसातनं भायेर आलो आन् गाडी ढकलली."

"तुम्हीच?"

"मग? रुतल्याली गाडी सोडून जातंय व्हय कुणी?" आजोबांनी काठीनं टायर ठोकून पाहिला. "वर काढून दिली. आन् मग परत पळालो."