रा. रा. भाऊसाहेब स्वहस्ते

मनुष्यमात्रात एक वर्ग असा आहे की, ज्याला पैसा वाचविण्याची फारशी फिकीर नसते. परंतु आपल्या मालकीच्या वस्तूला परक्याने पाना लावावा, हा त्याला अब्रूवरचा घाला वाटतो. एके काळी वत्सगुल्म या नावाने वाकाटकांची राजधानी असलेल्या आमच्या वाशिमात या वर्गाला तोटा नाही. त्याच्या प्रतिनिधीला आपण सोयीसाठी भाऊसाहेब म्हणू. महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले आणि सातबाऱ्यावरची खाडाखोड दहा पावलांवरून ओळखणारे हे गृहस्थ दारातल्या मारुती ८०० चे दप्तरही त्याच दक्षतेने सांभाळतात. २०१४ च्या जानेवारीत या मोटारीचे उत्पादन थांबले. परंतु उत्पादन थांबले म्हणून मोटारीनेही थांबावे, हे भाऊसाहेबांना मान्य नाही.

या मोटारीच्या मागच्या चाकातून, अकोल्याहून परतताना, पातूरच्या पुढे गुणगुण सुरू झाली. मेडशीला तिचा घोष झाला आणि मालेगाव येईतो सौभाग्यवतींचे बोलणे ऐकू येईनासे झाले. मात्र ही बाब भाऊसाहेबांनी तक्रार म्हणून नोंदविली नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. चौकातल्या मिस्त्रीने मोटार थांबण्यापूर्वीच सांगितले, "काकाजी, बेरिंग गेलं तुमचं." निदान बिनचूक होते आणि तेवढ्यानेच काम त्याच्या हातून गेले, कारण चौकशीपूर्वी दिलेला निकाल भाऊसाहेब ग्राह्य धरीत नाहीत. चाक जॅकवर उचलून, वर-खाली धरून हलविले, हाताने फिरवून आतली खरखर तळव्याला लागू दिली, तेव्हा कुठे त्यांनी तोच निकाल स्वतःच्या सहीने जाहीर केला.

१ जुलै १९९८ रोजी वाशिम स्वतंत्र जिल्हा झाला, कलेक्टर कचेरी आली, अकोल्याचे हेलपाटे संपले. भाऊसाहेबांच्या लेखी बेरिंग एवढे मात्र अद्याप अकोला जिल्ह्यातच राहिले आहे. अस्सल माल तिथेच, या श्रद्धेने ते एस.टी.ने पुन्हा अकोल्यास गेले.

येथून खरे प्रकरण सुरू होते. अंगणात वर्तमानपत्र अंथरून, उरलेल्या चाकांमागे दगड लावून, भाऊसाहेबांनी चाकाचा रीतसर पंचनामा आरंभिला. टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट, वायसर असा एकेक जिन्नस निघे, रजिस्टरात चढे आणि मगच कागदावर रुजू होई. ड्रम मात्र तासभर दाद देईना, तेव्हा हातोडीचा इलाज करावा लागला. नवे बेरिंग रात्रभर फ्रीजमध्ये, पन्ह्याच्या बाटलीशेजारी, ठेवण्यात आले होते. ड्रम वैशाखाच्या उन्हात फरशीवर तापत ठेवला. थंडीने पोलाद आकसते, उष्णतेने ड्रमचे छिद्र फैलावते. फरक केसाच्या जाडीहूनही कमी, पण तेवढ्यानेच घट्ट बसणारी वस्तू हट्ट सोडते. पुढे जुन्या बेरिंगाची बाहेरची कडी नव्यावर टेकवून त्यांनी ते हलक्या हाताने ठोकीत बसविले. आतल्या कडीवर घाव घातला तर तो छऱ्यांवाटे जाऊन धावपट्टीला खड्डे पाडतो, हे त्यांना पक्के ठाऊक होते. प्रामाणिकपणे सांगायचे तर हे काम त्यांनी कोणाही मिस्त्रीच्या तोडीचे केले.

मात्र नट आवळताच चाक जागच्या जागी जखडले. भाऊसाहेबांनी रजिस्टर चाळले. सर्व बाबी निकाली निघाल्या होत्या. इतक्यात कुंपणाशी उभा असलेला शेजारचा पोरगा म्हणाला, "काकाजी, हे नळकांडं काहून उरलं?"

आतल्या व बाहेरच्या बेरिंगांमध्ये अंतर राखणारे ते नळकांडे. ते नसले की नट आतल्या कड्या एकमेकींकडे ओढतो आणि छरे चिरडले जातात. ड्रम ठोकून काढण्याच्या गडबडीत ते घरंगळले आणि त्याची नोंदच झाली नव्हती. आणि नोंद नसलेली वस्तू अस्तित्वात कशी असू शकेल, या प्रश्नावर भाऊसाहेब चहा होईपर्यंत विचारमग्न होते. नंतर "पुनर्विलोकन" असा नवा मथळा टाकून सर्व काम पुन्हा झाले, सौभाग्यवतींच्या फ्रीजसुद्धा.

मोटार आता गुणगुणत नाही. आपल्यापैकी कोणाच्या मोटारीचे चाक अलीकडे आवाज करीत असेल, तर त्याने कृपा करून ही गोष्ट भाऊसाहेबांच्या कानी घालू नये. ते रजिस्टर घेऊन, पूर्वसूचनेवाचून, स्वतः हजर होतील.