विंडोज टाकताना चेहरा कसा ठेवावा

ज्या व्यक्तीने कधी काळी एकदा सगळ्यांदेखत प्रिंटर चालू करून दाखवला आणि तेव्हापासून ‘हिला कॉम्प्युटरमधलं कळतं’ असे घरात ठरून गेले, तिच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. वय आणि शिक्षण यांची अट नाही. नवा लॅपटॉप घरी आला की खोके उघडण्याचा मान थोरल्या काकांचा, त्यापुढे पेढा ठेवण्याचा आजीचा आणि त्यावर विंडोज टाकण्याचा तुमचा. पहिली दोन कामे सहसा फसत नाहीत.

‘नव्याकोऱ्या लॅपटॉपला फॉरमॅट कशाला मारायचा?’ हा प्रश्न वडीलधाऱ्यांकडून येणारच. काकांनी काही हजार वाचवले म्हणून लॅपटॉप ‘डॉस’चा आला असेल तर उत्तर सोपे आहे. त्यात बहुधा फ्रीडॉस ही प्रणाली असते. मायक्रोसॉफ्टने एमएस-डॉस गुंडाळायचे ठरवले तेव्हा, १९९४ साली, जिम हॉल नावाच्या अमेरिकेतल्या एका विद्यार्थ्याने ती सुरू केली आणि ती अजून जिवंत आहे. प्रणाली प्रामाणिक आहे. आत्याला तिच्यावर यूट्यूब लावता येत नाही, एवढेच. अशा वेळी विंडोजचे लायसन्स रीतसर विकत घ्यावे. ‘माझ्याकडे एक की आहे, कितीही मशीनवर चालते’ असे सांगणारा मित्र प्रत्येकाला असतो. त्याला चहा द्यावा, पेन ड्राइव्ह देऊ नये.

लॅपटॉप विंडोजसकट आला असेल तर प्रश्न नाजूक होतो. आत विंडोज असतेच, शिवाय तीस दिवसांचा पाहुणा अँटिव्हायरस, पत्त्यांचे दोन खेळ आणि लॅपटॉपची तब्येत विचारणारी कंपनीची तीन सॉफ्टवेअरे असतात. हे सगळे काढून कोरे विंडोज टाकण्याला क्लीन इन्स्टॉल म्हणतात. घरात हा शब्द इंग्रजीतच उच्चारावा. ‘स्वच्छता’ म्हटले की काकू ओले फडके घेऊन येतात. लायसन्सची चिंता नको, कारण विंडोज ८ पासून कंपन्या प्रॉडक्ट की मदरबोर्डाच्या चिपमध्येच भरून पाठवतात. सेटअप ती स्वतः वाचतो आणि काही विचारतही नाही. त्या क्षणी काही तरी आठवल्यासारखे करून ‘हं, झालं’ असे पुटपुटावे.

आता सामग्री. आठ जीबी किंवा त्याहून मोठा पेन ड्राइव्ह लागतो आणि तो पूर्ण पुसला जातो. म्हणून ज्या खणात रबरबँड, संपलेले सेल आणि पासपोर्ट साइझचे जुने फोटो असतात, त्या खणातून तो उचलण्यापूर्वी त्यात काय आहे ते पाहावे. मराठी घरातल्या बेवारस पेन ड्राइव्हमध्ये कुणाच्या तरी लग्नाचे फोटो असतात आणि त्यांची दुसरी प्रत नसते. दुसरा एक पेन ड्राइव्ह ड्रायव्हरांसाठी. एक चालू कॉम्प्युटर, मायक्रोसॉफ्टचे मीडिया क्रिएशन टूल उतरवायला. वायरचा माउस, कारण टचपॅडला स्वतःचा ड्रायव्हर मिळेपर्यंत ते नुसते गुळगुळीत प्लास्टिक असू शकते. आणि फोनची केबल. ती डेटाची असावी. नुसती चार्जिंगची केबल दिसायला हुबेहूब तशीच असते आणि ऐन वेळी तीच हाती लागते.

पुढचा भाग मात्र खरोखर गांभीर्याने वाचावा, कारण बहुतेकांचा चेहरा इथेच पडतो. विंडोज ११ चा सेटअप शेवटच्या टप्प्यावर इंटरनेट मागतो. नसेल तर ‘पुढे’चे बटण राखाडी ठेवतो. इंटरनेटला वायफाय लागते, वायफायला त्याच्या कार्डाचा ड्रायव्हर लागतो आणि तो ड्रायव्हर असतो इंटरनेटवर. उताऱ्यावर नाव चढवायला फेरफार लागतो आणि फेरफाराची चौकशी केली की आधी उतारा आणा म्हणतात, हे ज्यांनी तलाठी कार्यालयात अनुभवले आहे त्यांना इथे काही नवे वाटणार नाही. त्यांनी तिथे जे केले तेच इथे करावे: घरातून निघतानाच सगळ्याची एकेक प्रत पिशवीत घालून न्यावी. लॅपटॉप पालथा घालावा. काळ्या पाठीवर करड्या अक्षरांत, मुंगीला वाचता येईल अशा आकारात मॉडेल क्रमांक छापलेला असतो. फोनने त्याचा फोटो काढून तो मोठा करून वाचावा. तोच क्रमांक कंपनीच्या साइटवर टाकून वायफाय, टचपॅड आणि स्टोरेज हे तीन ड्रायव्हर तरी आधी उतरवून ठेवावेत. नुसते मालिकेचे नाव पुरत नाही. एकाच नावाच्या लॅपटॉपांत दोन वेगवेगळ्या कंपन्यांची वायफाय कार्डे असू शकतात.

विंडोज आधीपासून असेल आणि कुणी त्यावर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉग-इन केले असेल, तर बिटलॉकरची रिकव्हरी कीही काढून ठेवावी. न सांगता डिस्क कुलूपबंद करून ठेवण्याची पद्धत आता रूढ आहे. बायोसमध्ये हात घातला की यंत्राला संशय येतो आणि ते अठ्ठेचाळीस अंक मागते, सहा-सहांचे आठ गट. ते त्या खात्यातच साठवलेले असतात. कागदावर उतरवताना एकाने वाचावे आणि दुसऱ्याने लिहावे. तिसऱ्याने दुरुस्त्या सुचवू नयेत. कालनिर्णयच्या मागे लिहू नयेत, जानेवारीत ते बदलते.

पेन ड्राइव्ह लावून लॅपटॉप चालू केला की एक विशिष्ट कळ दाबावी लागते. कोणती, यावर कंपन्यांचे आजवर एकमत झालेले नाही. डेल आणि लेनोवोला सहसा एफ-१२ चालते, एचपीला एस्केप आणि मग एफ-९, असूसला एस्केप. एसरलाही एफ-१२च, पण ते बायोसमध्ये जाऊन आधी चालू करावे लागते. म्हणजे दार उघडायची परवानगी आत जाऊन घ्यायची. कळ दाबायला सवड मिळते ती कंपनीचे बोधचिन्ह दिसते तेवढीच, आणि एसएसडी आल्यापासून ते दिसते न दिसते तोच जाते. म्हणून पॉवरचे बटण दाबल्या क्षणापासून ती कळ टकाटका ठोकत राहावे. हे दृश्य प्रेक्षकांना सर्वांत आवडते, तेव्हा त्यांना आधी बसवून घ्यावे.

सेटअप सुरू झाला, भाषा निवडली, आणि विंडोज कुठे टाकायचे ते विचारणारी यादी रिकामी आली. साठ-सत्तर हजारांच्या लॅपटॉपमध्ये एकही ड्राइव्ह नाही! बाबा मागून वाचत असतात. अशा वेळी चेहरा पुढीलप्रमाणे ठेवावा: भुवया किंचित जवळ, ओठ मिटलेले, नजर पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यावर. एसएसडी जागेवरच आहे. इंटेलच्या अकराव्या पिढीपासून अनेक लॅपटॉपांत व्हीएमडी नावाची व्यवस्था चालू करून देतात. मग प्रोसेसर एसएसडीला आपल्या आडोशाला घेतो आणि योग्य ड्रायव्हर नसलेल्या सेटअपला ती दिसतच नाही. ‘लोड ड्रायव्हर’वर टिचकी मारून दुसऱ्या पेन ड्राइव्हमधला स्टोरेजचा ड्रायव्हर दाखवावा. तो आधीच उलगडून ठेवलेला हवा. नुसती एक्झी फाइल पुढे केली तर सेटअप तिच्याकडे पाहतही नाही, त्याला आतली आयएनएफ फाइल लागते. ड्राइव्ह दिसल्यावर आनंद दाखवू नये. ते अपेक्षितच होते असा भाव ठेवावा.

यादीतली जुनी पार्टिशने पुसताना मात्र अभिनय बाजूला ठेवून दोनदा वाचावे. त्याच यादीत तुमचा ड्रायव्हरांचा पेन ड्राइव्हही असतो, आणि तो बाहेरगावचा आहे हे सेटअप ओरडून सांगत नाही.

मग फायली उतरू लागतात. याला साधारण चहा होऊन पिऊन होईल एवढा वेळ लागतो, आणि या काळात तुम्हाला काहीही काम नसते. ही गोष्ट बाहेर फुटू देऊ नये. टक्केवारी मध्येच एका आकड्यावर बसून राहते. तेव्हा माउस थोडा हलवावा. त्याचा उपयोग नाही, पण घरच्यांना धीर येतो. इथवर येताना वेळ आणि चलनाच्या चौकटीत भारताऐवजी ‘इंग्लिश वर्ल्ड’ निवडले असेल तर अनेकदा दुकानी अ‍ॅपे आपोआप गळतात. कोणत्या देशाचा माल लादायचा ते सेटअपला कळत नाही. नंतर सेटिंग्जमध्ये जाऊन मायदेशी परत यावे.

इंटरनेटची मागणी येताच फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करावे. अँड्रॉइड फोनला लागणारा ड्रायव्हर विंडोजमध्ये मुळातच असतो. शिफ्ट आणि एफ-१० दाबून काळ्या खिडकीत मंत्र टाइप करायचा आणि इंटरनेट चुकवायचे, अशी एक आडवाट होती. मायक्रोसॉफ्ट ती बुजवत आली आहे. त्यापुढे प्रश्नांची माळ लागते. तुमचे ठिकाण कळवू का, टायपिंगचे नमुने पाठवू का, जाहिराती तुमच्या आवडीच्या दाखवू का. सगळ्यांना नाही म्हणावे. मराठी माणसाला तोंडावर नाही म्हणणे जड जाते, त्याचा सराव इथे फुकट होतो.

डेस्कटॉप दिसला की कुटुंब पांगते. खरे काम आता सुरू होते. डिव्हाइस मॅनेजर उघडावा. पिवळ्या त्रिकोणांची रांग आणि त्यात एखादे ‘अननोन डिव्हाइस’. त्याची ओळख पटवायला गुणधर्मांत जाऊन हार्डवेअर आयडी पाहावा. व्हीईएनपुढे ८०८६ असेल तर घराणे इंटेलचे. १९७८ साली आलेल्या आपल्या ८०८६ या प्रोसेसरचा आकडाच त्यांनी आडनाव म्हणून लावला आहे. १०डीई म्हणजे एन्व्हिडिया, १०ईसी म्हणजे रिअलटेक. आधी चिपसेट, मग बाकीचे, असा क्रम ठेवावा.

इथे एखादा चिकित्सक मेहुणा तारखांवर बोट ठेवतो. इंटेलच्या चिपसेट ड्रायव्हरवर १८ जुलै १९६८ अशी तारीख असते आणि विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरांवर २१ जून २००६. ‘इतके जुने ड्रायव्हर टाकलेस?’ पहिली तारीख इंटेलच्या स्थापनेची आहे, आणि दोन्ही मुद्दाम घातलेल्या आहेत. बाकी सारखे असेल तर विंडोज नव्या तारखेचा ड्रायव्हर पसंत करते. म्हणून सर्वसाधारण ड्रायव्हरांना मुद्दाम म्हातारे करून ठेवतात, म्हणजे लॅपटॉपच्या कंपनीचा खास ड्रायव्हर आपोआप पुढे येतो. वयाप्रमाणे मान घटत जाण्याची ही पद्धत मेहुण्याला समजावावी, पण आजोबा खोलीत नसताना.

एक गोष्ट मात्र कुणालाच सांगू नये. वायफाय चालू झाल्यावर विंडोज अपडेटमध्ये, विशेषतः तिथल्या ऐच्छिक अपडेटांत, उरलेले बहुतेक ड्रायव्हर आपणहून सापडतात. तुम्ही नुसते बसून राहिलात तरी त्रिकोण एकेक करून नाहीसे होतात. तेव्हा दार लोटून घ्यावे आणि अधूनमधून खुर्ची वाजवावी.

मराठीचे तेवढे राहू देऊ नये. भाषेत मराठी जोडली की इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसार असे दोन्ही कीबोर्ड मिळतात. बाबांच्या सोसायटीची पत्रे ज्या ‘मंगल’ टंकात आहेत तो मात्र आता विंडोजसोबत येत नाही. तो मुंबईच्या र. कृ. जोशी या सुलेखनकारांनी घडवला आणि वर्षानुवर्षे विंडोजची देवनागरी त्यावरच उभी होती. विंडोज १० पासून तो देवनागरीच्या पुरवणी टंकांत गेला आहे आणि मराठी जोडल्यावर आपसूक उतरला नसेल तर ऐच्छिक सुविधांतून मागवावा लागतो. तो मागवावा, नाही तर पत्रातल्या ओळी सरकतील आणि सेक्रेटरींची सही पुढच्या पानावर एकटीच जाईल.

हे सारे पार पडले की बातमी इमारतभर जाते आणि दुसऱ्या मजल्यावरचे काका आपला लॅपटॉप काखेत घेऊन येतात. त्यावर विंडोज १० असते. त्याचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे त्यांनी पेपरात वाचलेले असते. इथे तुमची सुटका एका वाक्यात आहे: ‘काका, तुमचा प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे, विंडोज ११ आठव्याच्या खाली सहसा घेत नाही.’ हे खरे आहे, आणि ऐकणारा बहुधा वाद न घालता उठतो. काका उठले नाहीत आणि ‘मग त्यावर लिनक्स मिंट टाकू या, मी आयएसओ आणली आहे’ म्हणाले, तर चेहऱ्याचे जे काही चालले असेल ते थांबवावे, खुर्ची त्यांना द्यावी आणि चहा आपण टाकावा.